डीएसएल मोडेम ब्रिजवर टाकून मागे वेगळा राउटर लावायचाय: अमळनेरहून मदत हवी

सेतूवाला

राम राम मंडळी. अमळनेरला माझं छोटं सेवा केंद्र आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, पॅनकार्ड, जोडीला झेरॉक्स. फायबर आमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबलंय, म्हणून अजून टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरचंच ब्रॉडबँड, म्हणजे डीएसएल, चालू आहे. मोडेमच्या पानावर ८ एमबीपीएसच्या आसपास आकडा दिसतो. माझ्या कामाला तो पुरतो, वेगाची तक्रार नाहीच.

तक्रार अशी की कंपनीने दिलेला वायफायवाला मोडेम दुपार झाली की गप्प बसतो. डीएसएलचा दिवा स्थिर, इंटरनेटचा दिवा हिरवा, आणि पान काही उघडत नाही. बंद-चालू केला की थोडा वेळ बरा. त्या वेळी त्याच्यावर तीन कॉम्प्युटर, प्रिंटर, कॅमेरे आणि बाकावर बसलेल्या गिऱ्हाइकांचे मोबाइल असं सगळं असतं. पीक विम्याच्या शेवटच्या तारखेला तर लोक अंगावर येतात.

शालकाने एक बरा राउटर दिलाय. मोडेमच्या पाठीमागे जोडला. वायफाय सुधारलं, पण गप्प बसणं तसंच, वर आधी घरून कॅमेरे दिसायचे तेही बंद झाले. लाइन बघायला आलेला माणूस म्हणाला, ब्रिज वगैरे आमच्यात नसतं.

तर ब्रिज केल्याने, म्हणजे राउटरचं काम मोडेमकडून काढून या नव्या राउटरला दिल्याने, फरक पडेल का, करायचं कसं, आणि लँडलाइन चालू राहील ना? त्या नंबरवर गावोगावचे लोक फोन करतात, तो बंद पडून चालणार नाही.

गिरणाकाठ

भाऊ, मना मोडेम बी दुपारले झोपस. मे महिनामा आपण बी झोपतस, त्याले काय दोष? जाणकार लोके येतीन, तवलोंग चहा ल्या.

तापीकाठ

सेतूवाले भाऊ, फरक पडेल. का पडेल ते आधी सांगतो, म्हणजे पुढे काही अडलं तर कुठे बघायचं ते तुम्हालाच कळेल.

आत्ता तुमचा मोडेम दोन वेगवेगळी कामं करतोय. पहिलं काम तारेवरचं: एक्स्चेंजमधल्या यंत्राशी सूर जुळवणं आणि तिकडून येणारा डेटा इथरनेटमध्ये बदलणं. हे काम त्यातली खास चिप करते आणि त्यात तो सहसा थकत नाही. दुसरं काम राउटरचं: युजर आयडी-पासवर्ड देऊन पीपीपीओई जोडणी करणं, घरातल्या प्रत्येक यंत्राला आयपी वाटणं, आणि एकाच बाहेरच्या पत्त्यावर सगळ्यांची ये-जा लावून देणं, म्हणजे नॅट. नॅटसाठी त्याला प्रत्येक जोडणीची नोंद स्वतःच्या मेमरीत ठेवावी लागते. एक मोबाइल खिशात नुसता पडलेला असला तरी पाठीमागे पाच-पन्नास जोडण्या उघडून बसतो. कंपनीच्या स्वस्त मोडेममध्ये मेमरी बेताची. ती नोंदवही भरली की नवीन पान उघडत नाही, पण तारेवरचं काम व्यवस्थित चालू असतं. म्हणून तुमचा दिवा हिरवा आणि पान कोरं.

तुम्ही मागे राउटर जोडला तरी मोडेमचं नॅट चालूच राहिलं. म्हणजे नॅटच्या मागे दुसरं नॅट. बाहेरून येणाऱ्याला आधी मोडेमचं दार, मग राउटरचं. कॅमेऱ्यासाठीची वाट तुम्ही मोडेमवर कधीतरी उघडली असेल, पण कॅमेरा आता दुसऱ्या दारामागे गेला. म्हणून दिसत नाही.

ब्रिज म्हणजे मोडेमकडून दुसरं काम काढून घ्यायचं. तो फक्त तार आणि इथरनेट यांना जोडणार. पीपीपीओई, नॅट, आयपी वाटप, वायफाय, सगळं राउटरकडे.

लँडलाइनला धक्का लागत नाही. बोलण्याचा आवाज ४ किलोहर्ट्झच्या खाली जातो, डीएसएल २५ किलोहर्ट्झच्या वर सुरू होतं. दोघांना वेगळं करतो तो भिंतीजवळचा छोटा स्प्लिटर. मोडेम बंद करून ठेवला तरी फोन वाजतो, ब्रिजचा त्याच्याशी संबंध नाही.

आणि हो, 'आमच्यात नसतं' हे ऐकून घ्यायचं आणि सोडून द्यायचं. पीपीपीओई मोडेमने जोडली की राउटरने, हे समोरच्या यंत्राला कळण्याचं कारणच नाही. त्याला बरोबर युजर आयडी मिळाला की झालं.

पांझरा

एवढा खटाटोप कशाला? राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे नुसतं वायफाय पसरवायला, लावा. राउटरचं आयपी वाटप बंद करायचं, केबल मोडेमच्या लॅनमधून (घरातल्या यंत्रांसाठीचं भोक) राउटरच्या लॅनमध्येच घालायची, वॅनचं (बाहेरच्या नेटसाठीचं) भोक रिकामं सोडायचं. दुसरं नॅट राहत नाही, कॅमेरे पहिल्यासारखे दिसतात. आमच्या धुळ्याच्या दुकानात असंच चाललंय, युजर आयडी शोधायची भानगड नाही. ब्रिजमध्ये लोक फसतात आणि मग दिवसभर दुकान बंद.

तापीकाठ

पांझरा, कॅमेऱ्यापुरतं तुमचं बरोबर आहे. वायफायची पोच वाढवायची असेल तर तेच करावं, मीही तेच सांगतो. पण भाऊंचा मोडेम नॅटच्या ओझ्याखाली दबतोय आणि तुमच्या पद्धतीत ते ओझं मोडेमवरच राहतं. उलट वायफाय चांगलं झालं म्हणजे बाकावरचे आणखी चार मोबाइल जोडले जाणार.

अजून एक गोष्ट. जुन्या मोडेमचं सॉफ्टवेअर कोणी अपडेट करत नाही. डिसेंबर २०१४ मध्ये चेक पॉइंटने 'मिसफॉर्च्युन कुकी' नावाची त्रुटी जाहीर केली होती. रॉमपेजर नावाचा छोटा वेब सर्व्हर कित्येक कंपन्यांच्या मोडेममध्ये बसवलेला होता, त्यात ती होती. दुरुस्त आवृत्ती २००५ सालीच निघालेली, तरी सव्वा कोटीच्या आसपास यंत्रं जुन्याच आवृत्तीवर सापडली. असा मोडेम इंटरनेटला थेट तोंड करून बसला की बाहेरचा माणूस त्याचा ताबा घेऊ शकतो, डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सोय) बदलू शकतो. सेवा केंद्रावर लोकांचे आधार आणि बँकेचे कागद असतात. ब्रिजमध्ये मोडेमला बाहेरचा आयपीच मिळत नाही, त्यामुळे बाहेरून त्याच्या पानापर्यंत कोणी पोचत नाही. राउटर मात्र अपडेट येणारा हवा, नाहीतर दुखणं एका डब्यातून दुसऱ्या डब्यात.

सेतूवाला

पटलं. आता कृती सांगा. युजर आयडी कागदावर आहे, पासवर्ड मोडेममध्ये नुसते ठिपके दिसतात.

तापीकाठ

पासवर्ड आधी मिळवा. एक्स्चेंजला फोन करून नवीन करून घ्या आणि आत्ताच्या मोडेममध्येच टाकून चालतो का ते बघा. तो चालल्याशिवाय बाकी कशाला हात लावू नका. पांझरा म्हणतात ते दिवसभर दुकान बंद बहुतेक वेळा याच एका कारणाने होतं.

मग लॅपटॉप केबलने मोडेमला जोडा, वायफायवरून हे काम नको. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ उघडा. स्टेटसच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढा. त्यात व्हीपीआय आणि व्हीसीआय हे दोन आकडे बघा, तारेवर कंपनीकडे जाणाऱ्या वाटेचे ते क्रमांक. आपल्याकडे बहुधा ० आणि ३५ असतात, पण तुमच्या पानावर जे असेल ते खरं. सेटिंगचा बॅकअप फाइलमध्ये उतरवायची सोय असते, तीही वापरा. काही बिघडलं तर पाच मिनिटांत जुनी स्थिती परत.

पुढचं मोडेमच्या जातीवर आहे. काही मोडेममध्ये इंटरफेस सेटअपमध्ये इंटरनेटच्या पानावर चार गोल बटणं असतात: डायनॅमिक, स्टॅटिक, पीपीपीओई आणि ब्रिज. तिथे ब्रिज निवडायचं, व्हीपीआय-व्हीसीआय तेच ठेवायचं, एनकॅप्सुलेशन '१४८३ ब्रिज्ड आयपी एलएलसी', सेव्ह. ब्रॉडकॉमची चिप असलेल्यांत थोडं आडवळण आहे. अ‍ॅडव्हान्स्ड सेटअपमध्ये वॅन सर्व्हिस म्हणून जुनी पीपीपीओई नोंद असते, ती आधी काढून टाकावी लागते आणि मग त्याच एटीएम इंटरफेसवर (बँकेचं एटीएम नव्हे, तारेवर डेटा तुकड्यांतून नेण्याची पद्धत) 'ब्रिजिंग' अशी नवीन नोंद करावी लागते. जुनी न काढता नवीन केली तर काही मोडेम दोन्ही चालवायचा प्रयत्न करतात आणि मग तुम्ही राउटरकडे बघत बसता.

त्यानंतर मोडेमचं वायफाय बंद. आयपी वाटप, म्हणजे डीएचसीपी, सगळ्यात शेवटी बंद करा, कारण ते बंद झालं की लॅपटॉपला पत्ता मिळणार नाही आणि पान उघडणार नाही. नंतर कधी पान बघायचं असेल तर लॅपटॉपला हाताने १९२.१६८.१.१० द्यायचा.

राउटरचा स्वतःचा पत्ताही १९२.१६८.१.१ असेल तर तो आधी बदला, १९२.१६८.५.१ असा काहीतरी करा. दोन डबे एकाच पत्त्यावर नकोत. कॅमेऱ्यांना हाताने जुन्या रांगेतले पत्ते दिले असतील तर तेही बदलावे लागतील, हे लोक विसरतात.

आता जोडणी. टेलिफोनची बारीक तार मोडेममध्येच राहील. मोडेमच्या लॅन १ मधून राउटरच्या वॅनमध्ये केबल. वॅनचं भोक बहुतेक राउटरवर निळं असतं. राउटरमध्ये वॅनचा प्रकार पीपीपीओई, युजर आयडी, पासवर्ड, आणि आपोआप जोड. झालं.

निवृत्त_तारवाला

मुलांनो, चर्चा चांगली चालली आहे, पण तारेबद्दल कोणी बोललंच नाही. माझी सगळी नोकरी खांबावर आणि खड्ड्यात गेली, शहादा-तळोदा पट्ट्यात. ब्रिज करा, नका करू, तार खराब असेल तर वरचं सगळं व्यर्थ.

सेतूवाल्या, मोडेमच्या पानावर एसएनआर मार्जिन आणि अ‍ॅटेन्युएशन असे दोन आकडे असतील. मार्जिन म्हणजे लाइन टिकायला लागतो त्याहून सिग्नल किती जास्त आहे तो आकडा. तो १० डीबीच्या वर असेल तर निवांत राहा. ६ च्या खाली गेलं की लाइन तुटायला लागते. अ‍ॅटेन्युएशन म्हणजे एक्स्चेंजपासून तुझ्यापर्यंत येताना सिग्नल किती झिजला तो आकडा. अंतर वाढलं की तो वाढणारच, त्याला इलाज नाही. मार्जिन मात्र घरातल्या घरात सुधारता येतं.

घरात जेवढे फोन आहेत तेवढे सगळे स्प्लिटरच्या फोनच्या बाजूने पाहिजेत. आतल्या खोलीत एखादा जुना फोन थेट तारेवर टांगलेला असतो आणि तो उचलला की नेट जातं. दुसरं, खांबावरून आलेल्या तारेला घरात जेवढे जोड कमी तेवढं बरं. पिळून टेप लावलेला जोड पहिल्या पावसात हिरवा पडतो.

आणि आता आमच्या काळची युक्ती. एडीएसएल २ प्लसचा, म्हणजे तांब्यावरच्या डीएसएलच्या एका प्रकाराचा, सिग्नल २.२ मेगाहर्ट्झपर्यंत जातो. रेडिओचा मीडियम वेव्ह ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झ, म्हणजे बरोबर त्याच्या पोटात. घरातला जुना ट्रान्झिस्टर घे, मीडियम वेव्हवर दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागी लाव आणि मोडेमभोवती, टेलिफोनच्या तारेच्या कडेकडेने फिरव. जिथे खरखर एकदम वाढेल तिथे चोर आहे. बहुतेक वेळा स्टॅबिलायझर, स्वस्त एलईडी पट्टी, मोबाइलचा हलका चार्जर, नाहीतर पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर सापडतो. एकेक बटण बंद करत जा, खरखर कशाने थांबते ते कळेल. शहाद्याला एका दवाखान्यात रोज संध्याकाळी लाइन तुटायची. ट्रान्झिस्टर घेऊन गेलो तर बाहेरच्या पाटीची एलईडी लावली की रेडिओ किंचाळायला लागे. पाटीचा अ‍ॅडॉप्टर बदलला, लाइन बसली.

चोपडेकरीण

आबा, ही युक्ती सोन्यासारखी आहे. आमच्याकडे चोपड्याला सासरेबुवांचा ट्रान्झिस्टर अजून बातम्यांसाठी चालू आहे, आता त्याला दुसरं काम मिळेल.

माझा प्रश्न तापीकाठ दादांना. मी पुण्यात असते, आई-बाबा चोपड्याला. इथून मी व्हिडिओ कॉलवर दुरुस्त्या करते. दोन डबे झाले की बिघाडही दोन ठिकाणी होणार. वयस्कर माणसांच्या घरी ब्रिज करावा का?

तापीकाठ

ताई, तुमच्याकडे कितीजण वापरतात? दोन मोबाइल आणि एक टीव्ही असेल तर नका करू. आहे ते चालतंय तोवर चालू द्या.

केलंच तर दोन गोष्टी करा. दोन्ही डब्यांवर मोठ्या अक्षरात कागद चिकटवा, 'तार' आणि 'वायफाय', म्हणजे फोनवर सांगताना गोंधळ नाही. आणि मोडेमच्या मागच्या रिसेटच्या भोकावर चिकटपट्टी लावा. नेट गेलं की कोणीतरी हुशार भाचा सुई घालून रिसेट करतो. मोडेम पुन्हा कारखान्यातल्या स्थितीत जातो, ब्रिज नाहीसा, आयपी वाटप पुन्हा चालू, आणि राउटर बिचारा समोरून उत्तर येईल म्हणून वाट बघत बसतो. ब्रिज केल्यावर येणाऱ्या तक्रारींत ही एक नंबरची.

बंद-चालू करायचं असेल तर आधी 'तार' चालू करायचा, त्याचा डीएसएलचा दिवा स्थिर झाला की 'वायफाय'. उलट केलं तरी चालतं, फक्त जास्त वेळ लागतो.

फैजपुरी_केळी

माझा अनुभव वेगळा आहे. फैजपूरजवळ केळीच्या मळ्यावर घर आहे, तिथे डीएसएल. ब्रिज केला, राउटरवर पोर्ट फॉरवर्ड केलं, म्हणजे बाहेरून कॅमेऱ्यापर्यंतची वाट उघडली, पंपाच्या खोलीतला कॅमेरा तरी बाहेरून दिसत नाही. आता मोडेमचं नॅट तर गेलं. मग अडलं कुठे?

तापीकाठ

राउटरच्या स्टेटस पानावर वॅनचा आयपी काय दिसतो?

फैजपुरी_केळी

१००.७२ ने सुरू होतो.

तापीकाठ

मग अडलंय कंपनीच्या दारात. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते हे कंपन्यांनी आपल्या आतल्या वापरासाठी राखून ठेवलेले आहेत, २०१२ साली ते ठरलं. आयपीव्ही४ चे, म्हणजे जुन्या पद्धतीचे, पत्ते संपत आले, म्हणून अनेक ग्राहकांना मिळून एकच खरा पत्ता देतात. तुमच्या राउटरच्या वर कंपनीचं आणखी एक नॅट बसलंय आणि त्यात तुम्हाला वाट काढता येत नाही. ब्रिज असो वा नसो.

मार्ग असे. पैसे भरून स्टॅटिक, म्हणजे स्वतःचा न बदलणारा, आयपी घ्या. किंवा कॅमेऱ्याच्या कंपनीचं अ‍ॅप वापरा, त्यात कॅमेरा स्वतःच बाहेरच्या सर्व्हरला जोडून घेतो, बाहेरून आत यायची गरज पडत नाही. किंवा लाइनवर आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी पद्धत) मिळत असेल तर राउटरमध्ये पीपीपीओईबरोबर तेही चालू करा. त्यात प्रत्येक यंत्राला खरा पत्ता मिळतो, पण मग फायरवॉल नीट लावावी लागते आणि बघणाऱ्याच्या मोबाइलवरही आयपीव्ही६ हवं. मळ्यावरच्या एका कॅमेऱ्यासाठी मी अ‍ॅपवालाच मार्ग धरेन.

सेतूवाले भाऊ, तुम्हीही तुमचा वॅन आयपी बघून ठेवा.

सेतूवाला

दुकान बंद झाल्यावर सगळं केलं. पासवर्ड नवीन घेतला, जुन्या मोडेममध्ये टाकून बघितला, चालला. मग ब्रिज केला. आता राउटर 'जोडत आहे' म्हणतो आणि थांबतो. लॅपटॉप थेट मोडेमला लावून विंडोजमधून डायल केलं तर त्रुटी ६९१. पासवर्ड अक्षर-अक्षर तपासला, बरोबर आहे.

तापीकाठ

६९१ आला म्हणजे चांगली बातमी आहे. ब्रिज झालाय. समोरच्या यंत्राने तुमचं ऐकलं, आयडी विचारला आणि नाही म्हणाला. ब्रिजच झाला नसता किंवा व्हीपीआय-व्हीसीआय चुकले असते तर ६५१ किंवा ६७८ आला असता, म्हणजे समोरून उत्तरच नाही. राउटरच्या लॉगमध्येही हाच फरक दिसतो. नुसत्या पाडी-पाडीच्या (PADI, राउटरची हाक) ओळी एकाखाली एक येत असतील आणि उत्तरात पाडो (PADO, समोरच्या यंत्राची ओ) नसेल तर खालच्या थरात बघायचं. पाडो आला आणि पुढे ओळख पटवताना अडलं तर आयडी, पासवर्ड किंवा जुनं सत्र.

तुमचं जुनं सत्र अडकलेलं असणार. मोडेमने लावलेली जोडणी तुम्ही निरोप न घेता तोडली. कंपनीच्या सर्व्हरला वाटतंय की तुम्ही अजून आत आहात, आणि एका आयडीवर एकच जोडणी द्यायची असते. दोन्ही डबे बंद करा, पंधरा-वीस मिनिटं थांबा, मग चालू करा. तरीही नाही झालं तर एक्स्चेंजला सांगून सत्र मोकळं करून घ्या. ते लोक हे एका मिनिटात करतात.

गिरणाकाठ

पंधरा मिनिट थांबणं हाई खान्देशी माणूसले सर्वात कठीण काम शे. शेवभाजी मांगाडी ल्या.

सेतूवाला

झालं! डबे बंद करून जेवायला गेलो, येऊन चालू केले, राउटर लगेच जोडला. वॅन आयपी १०० वाला नाही, खराच आहे. कॅमेरे घरून दिसताहेत.

आज दिवसभर चालवलं, दुपारीही गप्प बसला नाही. दोन अडचणी राहिल्यात. एक, काही सरकारी पानं अर्धी उघडून थांबतात, बाकी सगळं नीट. दुसरी, वेग मोजला तर ६.८ येतो, मोडेमवर ८ दिसतो. वरचे कुठे गेले?

पांझरा

अभिनंदन. माझा आक्षेप मागे नाही घेत, पण तुमच्या दुकानासाठी हेच बरोबर होतं.

तापीकाठ

वरचे कुठेही गेले नाहीत. डीएसएलच्या तारेवर डेटा एटीएमच्या ५३ बाइटच्या तुकड्यांतून जातो आणि त्यातले ४८ बाइटच मालाचे असतात. म्हणजे दहा टक्क्यांच्या आसपास तिथेच गेले. वर पीपीपीओई, आयपी, टीसीपी यांची वेष्टणं. ८ वर पावणेसात-सात मिळतात, ते ठीकच आहे. यात राउटरचा दोष नाही, ब्रिजच्या आधीही एवढेच मिळत असणार.

अर्धी पानं हे एमटीयूचं, म्हणजे डेटाच्या एका पाकिटाच्या कमाल आकाराचं, लक्षण. इथरनेटचं पाकीट १५०० बाइटचं असतं, पीपीपीओई स्वतःसाठी त्यातले ८ घेते, उरले १४९२. राउटरमध्ये वॅनचा एमटीयू १५०० ठेवलेला असेल तर मोठी पाकिटं वाटेत अडकतात. बहुतेक सर्व्हर ते सांभाळून घेतात, पण ज्यांच्या फायरवॉलने 'पाकीट मोठं आहे' हा निरोपच अडवलेला असतो त्यांची पानं लटकतात. राउटरच्या वॅन सेटिंगमध्ये १४९२ टाका. खात्री करायची असेल तर विंडोजच्या काळ्या खिडकीतून (कमांड प्रॉम्प्ट) न तुटणारं १४६४ आकाराचं पिंग पाठवा; २८ बाइट शीर्षकाचे धरून ते बरोबर १४९२ होतं. ते गेलं आणि १४६५ अडलं, म्हणजे आकडा बरोबर. १४६४ सुद्धा अडलं तर १४८० करून बघा.

सेतूवाला

१४९२ केलं. पानं सरळ उघडली. आधी १५०० च होतं.

आबा, तुमचे आकडेही बघितले. मार्जिन ७ च्या आसपास हलत होतं. ट्रान्झिस्टर शेजारच्या किराणावाल्याकडून आणला. झेरॉक्स मशीनच्या स्टॅबिलायझरपाशी तो नुसता करवादला, आणि मोडेम त्याच्याच डोक्यावर ठेवलेला! मोडेम खिडकीच्या बाजूला नेला, टेलिफोनची तार स्टॅबिलायझरपासून लांबून घेतली. मार्जिन आता ११ च्या वर आहे.

निवृत्त_तारवाला

शाब्बास. खिडकीजवळ ऊन येत नाही ना तेवढं बघ. आपल्याकडे मे महिन्यात ४५ अंश म्हणजे काही विशेष नाही, पत्र्याखाली तर त्याहून जास्त. मोडेम भिंतीला उभा टांग, खालून-वरून हवा खेळली पाहिजे. वायफाय बंद असल्यामुळे तो आता तसाही थंड राहील.

आणि ऐक, पहिल्या वळवाच्या वेळी ढग गडगडले की नुसतं प्लगचं बटण बंद करून भागत नाही. टेलिफोनची बारीक तार मोडेममधून उपसून ठेवायची. वीज जास्त करून त्याच वाटेने येते. आता तर मोडेम मेला तर मागचा राउटरही त्याच केबलने जाईल. विजेच्या दिवसांत रात्री दुकान बंद करताना ती काढायची सवयच लाव.

चोपडेकरीण

लाइट जाते त्याचं काय करायचं? चोपड्याला दिवसातून एक-दोन झटके असतातच. आता दोन डबे, दोन अ‍ॅडॉप्टर.

तापीकाठ

ताई, बारा व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस मिळतो, दोन यंत्रांची पिन असलेला. जळगावला गोलाणी मार्केटमध्ये विचारा. फक्त दोन्ही अ‍ॅडॉप्टरवरचे आकडे आधी वाचा. काही मोडेम ९ व्होल्टचे असतात, त्यांना बारा देऊ नका. दोन्ही यंत्रांचे अ‍ॅम्पिअर मिळून यूपीएसच्या आकड्याच्या आत हवेत. झटक्याने मोडेम पुन्हा पुन्हा बंद-चालू होतो त्याचा आणखी एक तोटा आहे. काही ठिकाणी एक्स्चेंजचं यंत्र समजतं की लाइनच अस्थिर आहे, आणि आपणहून वेग खाली आणून ठेवतं. त्यामुळे राउटरपेक्षाही मोडेमला यूपीएस जास्त गरजेचा.

फैजपुरी_केळी

अ‍ॅपवाला मार्ग धरला, पंपाची खोली दिसली. जाता जाता एक विचारतो. आमच्याकडे आता फायबर येणार म्हणतात. त्या फायबरच्या डब्यालाही ब्रिज करता येतो का, की हे सगळं शिकलेलं वाया?

तापीकाठ

करता येतो, तत्त्व तेच. त्या डब्याला ओएनटी म्हणतात. तिथे व्हीपीआय-व्हीसीआय नसतात, त्याऐवजी व्हीलॅनचा (एकाच तारेवरच्या वेगळ्या वाटेचा) एक क्रमांक असतो. तो कंपनीकडून किंवा ओएनटीच्या आत्ताच्या वॅन पानावरून घ्यायचा आणि ब्रिज करताना तोच ठेवायचा. पीपीपीओई, एमटीयू, सत्र अडकणं हे सगळं जसंच्या तसं लागू.

एक फरक मोठा आहे. तांब्यावर फोन मोडेमच्या बाहेरून जातो, फायबरवर फोन ओएनटीच्या आतून जातो. ओएनटीमध्ये इंटरनेटची एक वॅन नोंद असते आणि फोनची दुसरी. ब्रिज फक्त इंटरनेटच्या नोंदीचा करायचा, फोनच्या नोंदीला हात लावायचा नाही. तिचा युजर-पासवर्ड तुमच्याकडे नसतो, एकदा पुसली की कंपनीचा माणूस येईपर्यंत फोन मुका. बसवायला माणूस येईल तेव्हा त्याच्यासमोरच वॅनच्या पानाचे फोटो काढून घ्या आणि इथे टाका, युजर आयडी झाकून. मग बघू.